फक्त अवघड वाक्यंच गायब होत होती

"मॅडम, हे वाक्य मी लिहिलं होतं. देवाशप्पथ म्हणत नाही, देवाशी माझं तसं काही नाही. पण लिहिलं होतं."

गायकवाड सर त्यांच्या खुर्चीत ताठ बसून हे सांगत होते आणि मी त्यांच्या स्क्रीनकडे बघत होते. स्क्रीनवर ते वाक्य नव्हतं. त्याच्या आधीचं होतं. नंतरचं होतं. मधलं साफ गायब. मागे तृप्ती उभी होती, हाताची घडी घालून. तिने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. म्हणजे, बघ आता तूच.

मी स्मिता परुळेकर. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला एका भाषांतर कंपनीत डेस्कटॉप सपोर्ट बघते. डेस्कटॉप सपोर्ट म्हणजे काय, हे मी माझ्या सासूबाईंना असं सांगितलंय: ऑफिसात कुणाचं मशीन रुसलं की मला बोलावतात. बहुतेक वेळा रुसलेला असतो माणूस, पण बोलावतात मलाच.

आमच्याकडे मुख्य काम औषधांच्या कागदपत्रांचं. नवीन औषधाची चाचणी घ्यायची असली की पेशंटची लेखी संमती लागते. त्या संमतीपत्रात सगळं लिहिलेलं असतं. औषधाने काय होऊ शकतं, काय झालं तर कुणाला फोन करायचा, मधेच सोडायचं असेल तर काय. मूळ इंग्रजीत असतं आणि ते वकिलांनी लिहिलेलं असतं, त्यामुळे एकेक वाक्य चाळीतल्या जिन्यासारखं वळत वळत जातं. त्याचं मराठी असं करायचं, की ठाण्यातल्या रिक्षावाल्यालाही कळलं पाहिजे आणि वकिलालाही आक्षेप घेता येता कामा नये. हे काम आमच्याकडे सगळ्यात चांगलं गायकवाड सर करायचे. प्रभाकर गायकवाड. मुलुंडला राहतात, रिटायरमेंट जवळ आलेली. शांत माणूस, इस्त्रीचा शर्ट, आणि टायपिंगचा स्पीड असा की शेजारची पोरं हेडफोन काढून ऐकायची.

आणि आता त्यांच्या भाषांतरातून वाक्यं गळायला लागली होती. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तृप्ती ही त्यांची प्रोजेक्ट मॅनेजर. आधीची गळती तपासणीत सापडली होती. पण एक वाक्य सगळ्यांच्या नजरेतून सुटून क्लायंटकडे गेलं. कुठलं? तर 'तुम्ही चाचणीतून कधीही बाहेर पडू शकता आणि त्यामुळे तुमच्या नेहमीच्या उपचारांत फरक पडणार नाही' हे. म्हणजे पेशंटच्या कामाचं नेमकं तेच. क्लायंटचा मेल आला, तो वाचून तृप्तीचा चेहरा पडला.

"सोमवारपासून सरांना लेबलं देतेय," तिने मला बाजूला घेऊन सांगितलं. "बाटलीवरची. 'थंड जागी ठेवा', 'मुलांपासून दूर ठेवा'. संमतीपत्रं बंद."

"अगं, पण त्यांच्यासारखं दुसरं कोण करतं?"

"तेच तर. पण ते म्हणतात मशीन खातंय वाक्यं. स्मिता, तू सांग, मशीन वाक्य खातं का? नाचता येईना अंगण वाकडं."

मी म्हटलं, थांब, मशीन बघते आधी. म्हटलं खरं, पण मलाही वाटत नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हे सगळं सुरू झालं त्याच्या थोडं आधी आमच्या ऑफिसात नवा डेस्कटॉप आला होता. नवा म्हणजे डबा तोच जुना, आतली मांडणी नवी. आमच्या जुन्या मशीन्सना नवीन सिस्टिम पेलवेना, म्हणून बेंगळुरूच्या हेड ऑफिसने लिनक्स नावाची हलकी सिस्टिम टाकायचं ठरवलं. तिथला निखिल नावाचा मुलगा, त्याने सेटअप तयार करून पाठवला. मी फक्त प्रत्येक मशीनवर चढवला.

आता तुमच्या-माझ्या सवयीचा डेस्कटॉप कसा असतो? टेबलावर पसरलेल्या कागदांसारखा. एका कागदावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. वरचा दिसतो, खालचा ओढून काढावा लागतो. कॉम्प्युटरच्या भाषेत प्रत्येक कागद म्हणजे एक विंडो. निखिलच्या सेटअपमध्ये कागद एकमेकांवर पडतच नाहीत. ते फरशीसारखे बसतात, कडेला कड लावून. एक विंडो उघडली तर सगळी स्क्रीन तिची. दुसरी उघडली की दोघींना अर्धी अर्धी. तिसरी आली की आधीच्या दोघी अंग चोरून तिला जागा देतात. याला टायलिंग म्हणतात. त्यात मिनिमाइज नाही. कोपऱ्यात फुली नाही. खाली पट्टी नाही.

पहिल्या आठवड्यात माझी जी वाट लागली, विचारू नका. "मॅडम, माझा मेल अर्धाच झाला." "मॅडम, मी काय दाबलं माहीत नाही, सगळंच गेलं." सगळं कुठेही गेलेलं नसायचं. या मांडणीत एकामागे एक असे अनेक पडदे असतात आणि चुकून भलती बटणं दाबली की तुम्ही दुसऱ्याच पडद्यावर जाता. तो रिकामा असतो. माणसाला वाटतं चोरी झाली. खुद्द तृप्ती एकदा रिकाम्या स्क्रीनसमोर डोक्याला हात लावून बसली होती आणि तिचं प्रेझेंटेशन शेजारच्या पडद्यावर सुखात होतं.

मी निखिलला फोनवर म्हटलं, "अरे, साधं द्यायचं ना काहीतरी."

तो म्हणाला, "मॅडम, ट्रान्सलेटरला दोन डॉक्युमेंट शेजारी शेजारी लागतात. हेच तर त्यांच्यासाठी बेस्ट आहे. थोडी सवय होऊ द्या."

आणि खोटं कशाला बोलू, त्याचं बरोबर होतं. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, मधे काही नाही. हळूहळू ओरड कमी झाली. पोरांना तर ते फारच आवडलं, उंदराला हात न लावता भराभर बटणं दाबत बसायची. गायकवाड सरांनी कधीच तक्रार केली नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाले होते, "झकास आहे. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये असंच असायचं. डाव्या हाताला मजकूर, समोर कागद."

मग आता हे काय?

मी नेहमीच्या क्रमाने गेले. कीबोर्ड बदलला. वाक्यं गळतच राहिली. मेमरी तपासली, ठीक. भाषांतराची फाइल सेव्ह होताना काही बिघडतंय का बघितलं, नाही. मराठी-इंग्रजी टाइप बदलायचं बटण चुकून दाबलं जातंय का, तर तसं असतं तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला असता. कचरा नव्हता. जागा स्वच्छ होती.

शेवटी मी हिस्टरी उघडली. आमच्या भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये थोड्या थोड्या वेळाने फाइल कशी होती ते साठवलेलं असतं. म्हणजे कुणी वाक्य लिहून नंतर खोडलं, तर ते मागे जाऊन दिसतं. मी एकेक पान मागे गेले. मला खात्री होती की वाक्य कुठेतरी सापडेल आणि मी तृप्तीच्या नाकावर टिच्चून सांगेन, बघ.

सापडलं नाही. ते वाक्य तिथे कधी आलंच नव्हतं. मशीनचं म्हणणं सरळ होतं, या माणसाने हे लिहिलेलंच नाही.

आणि आणखी एक गोष्ट होती, ती तृप्तीने आधीच हेरली होती. "बघ ना नीट. सोपी वाक्यं सगळी जागेवर. जातात ती फक्त लांबलचक, अवघड. मशीनला काय कळतं अवघड कुठलं न सोपं कुठलं? हे डोक्याचं काम आहे गं. वय झालं. मला काय आनंद होतोय का हे बोलताना?"

तिला आनंद होत नव्हता, हे खरं होतं. तिला मराठी लिहायला सरांनीच शिकवलं होतं. आणि तिचं म्हणणंही बरोबर होतं. मशीन सगळ्यांना सारखंच छळतं, ते वाक्य वाचून निवडत नाही. मी गोंधळून गेले. रात्री जेवताना नवऱ्याने भाजी कशी झालीय विचारलं, तर मी म्हटलं, "अवघड वाक्यंच का?" तो म्हणाला, "मेथी आहे."

दुसऱ्या दिवशी पँट्रीत गायकवाड सर भेटले. मशीनमधून चहा घेत होते. कप भरून गेला तरी बटणावरचं बोट काढलं नव्हतं. मी हात पुढे करून बटण सोडवलं.

"मॅडम, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा ना सर."

"मशीन चुकतंय की मी?"

ते पुढे म्हणाले, "परवा एक वाक्य मी दोनदा लिहिलं. पान संपल्यावर वाचलं तर नाही. म्हटलं राहिलं असेल, पुन्हा लिहिलं. चांगलं आठवतंय, 'प्रतिकूल परिणाम' शब्द लिहून मग 'वाईट परिणाम' केला होता. पुन्हा वाचलं, तर पुन्हा नाही. दोनदा, मॅडम. मग हे आठवतंय ते काय आहे? मनानेच लिहितोय का मी?" त्यांनी कप खाली ठेवला. "माझी मोठी बहीण अशीच सुरू झाली. गॅस लावला म्हणायची, लावलेला नसायचा. भांडायची आमच्याशी. शेवटी मी भेटायला गेलो तर म्हणाली, बसा, आपण कुणाकडे आलात?"

मी म्हटलं, "सर, आज दुपारी मी तुमच्या शेजारी बसते. तुम्ही काम करा, मी बघते. तुम्ही नेहमी कसं करता?"

"नेहमीसारखंच. आधी वाक्य वाचतो. सोपं असलं तर सरळ लिहितो. अवघड आलं की त्याच्यावर बोट ठेवतो, मग लिहितो."

मी मान डोलावली. बोट ठेवतो म्हणजे खोट काढतात, शंका काढतात. आमच्याकडे ती पद्धतच आहे. मूळ इंग्रजीत घोळ असला की ट्रान्सलेटर त्यावर बोट ठेवून क्लायंटला विचारतो. मला वाटलं, म्हणजे अवघड वाक्य आलं की हे थांबतात, शंका लिहितात, आणि मग मूळ काम राहून जातं. जुळतंय की! मला उत्तर सापडल्यासारखं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं, कारण उत्तर तृप्तीच्या बाजूचं होतं.

दुपारी मी खुर्ची ओढून त्यांच्या उजव्या हाताला बसले. माऊस माझ्याकडे घेतला, कारण मधेमधे मला सेटिंग बघायची होती. सरांनी काम सुरू केलं. बघत राहावं असं टायपिंग. नजर पूर्ण वेळ डावीकडच्या इंग्रजीवर. स्वतः काय टाइप करतोय तिकडे एकदाही बघत नाहीत. जुन्या टायपिस्टांची ही शिस्तच असते, डोळे मजकुरावर. लिहिताना वाचायचं नाही, पान संपलं की एकदम वाचायचं.

एक भयंकर वाक्य आलं. सहा ओळींचं, मधे दोन कंस. सरांनी डावा हात उचलला आणि खरोखर स्क्रीनच्या काचेवर ओळीखाली बोट टेकवलं. पहिली ओळ वाचली, बोट तिथेच ठेवून पुटपुटले, मग बोट काढून टाइप केली. पुन्हा बोट, पुढची ओळ.

हात्तिच्या! म्हणजे बोट ठेवतो म्हणजे हे. खरंखुरं बोट. मी मनातल्या मनात माझ्या हुशारीला नमस्कार केला. शंकांचा काही संबंधच नव्हता.

पण वाक्य? वाक्य उजवीकडे जसंच्या तसं उमटलं होतं. एकही अक्षर गळलेलं नाही. पुढचंही. त्याच्या पुढचंही. संध्याकाळपर्यंत मी बसले, एक शब्द हलला नाही. सरांनी पान वाचलं, सगळं जागच्या जागी. त्यांना आनंद व्हायला हवा होता. त्यांचा चेहरा आणखी उतरला.

"तुम्ही शेजारी होतात म्हणून लक्ष ठेवून केलं," ते म्हणाले. "म्हणजे लक्षच जातं माझं. मशीन चांगलं आहे, मॅडम. मिसेसनी पुढच्या आठवड्यातली डॉक्टरांची वेळ घेतलीय, घाटकोपरला. मेंदूचे आहेत. जाऊन येईन एकदा." आणि बॅग उचलून निघून गेले. मी तिथेच बसून राहिले. मला माझाच राग येत होता आणि कशाबद्दल तेही कळत नव्हतं.

सकाळी मी ऑफिसात लवकर पोचले. सरांची जागा पूर्वेच्या खिडकीपाशी. ऊन तिरपं येत होतं आणि बंद स्क्रीनवर बोटांचे ठसे चमकत होते. कालचे. डाव्या अर्ध्यात, ओळीने. स्क्रीनवर ठसे दिसले की माझं डोकं फिरतं, हा माझा धंद्याचा रोग आहे. ओलं फडकं मारून एकाने स्क्रीन खराब केल्यापासून साफसफाईवाल्यांना मी स्क्रीनला हात लावू देत नाही. पर्समधलं फडकं काढलं आणि पुसायला लागले.

आणि पुसता पुसता थांबले.

कालच्या आधी ही स्क्रीन स्वच्छ होती. कालच तर मी शेजारी बसताना बघितलं होतं, काच आरशासारखी. रोज अवघड वाक्यावर बोट ठेवणाऱ्या माणसाची काच अशी कशी? आणि अवघड वाक्यं तर सर रोजच करतात. मग काल सोडून बाकीचे दिवस ते बोट ठेवत कुठे होते?

सर आले. मी त्यांना बॅगही ठेवू दिली नाही.

"सर, रोज तुम्ही बोट कुठलं ठेवता?"

"म्हणजे?"

"अवघड वाक्य आलं की बोट ठेवता ना? ते कुठलं?"

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू विचारतायत डॉक्टरची गरज नेमकी कुणाला आहे. "कुठलं म्हणजे? हे." आणि त्यांनी माऊस धरला. "माऊसचं बोट. काल माऊस तुमच्याकडे होता, म्हणून हाताचं ठेवलं. पूर्वी प्रूफं तपासताना ओळीखाली पट्टी ठेवायचो. स्क्रीनवर पट्टी कशी ठेवणार? म्हणून हा बाण ओळीवर नेऊन ठेवतो. खूण म्हणून. वर्षानुवर्षं असंच करतो."

"सर, बसा. लिहा. कालसारखं एखादं भयंकर वाक्य घ्या. माऊस तुमच्याकडेच ठेवा."

ते बसले. वाक्य आलं. त्यांनी बाण डावीकडे नेला, इंग्रजी ओळीच्या सुरुवातीला ठेवला, दोन्ही हात कीबोर्डवर आणले आणि डोळे इंग्रजीवर ठेवून टाइप करायला लागले. तड तड तड तड.

मी उजवीकडे बघत होते. उजवीकडे काहीच उमटत नव्हतं. एक अक्षर नाही. सरांची बोटं पळत होती आणि पान कोरं होतं.

"अगं आई गं!" मी ओरडले. "सर, थांबा! थांबा! मान वर करा. उजवीकडे बघा."

त्यांनी बघितलं. मग हातांकडे बघितलं. मग पुन्हा स्क्रीनकडे.

काय होत होतं ते सांगते. स्क्रीनवर अनेक विंडो असल्या तरी कीबोर्डचं बोलणं एका वेळी एकच विंडो ऐकते. ती ऐकणारी कुठली, याला आम्ही फोकस म्हणतो. तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर जिच्यावर तुम्ही क्लिक केलं, ती ऐकते. मग बाण कुठेही फिरवा, कुठेही पार्क करा, फरक पडत नाही. पण काही मांडण्यांत वेगळा रिवाज असतो. बाण ज्या विंडोवर जाईल ती लगेच ऐकायला लागते. क्लिक लागत नाही. नुसता बाण नेला की झालं. हाही जुना रिवाज आहे, त्याचे भक्त आहेत, आणि सवय असली तर वेळ वाचतो. निखिल त्यातलाच. त्याच्या सेटअपमध्ये तो चालूच होता. कुठली विंडो ऐकतेय हे कळावं म्हणून तिच्या कडेला एक निळी रेघ यायची, केसाएवढी.

म्हणजे सरांनी खूण म्हणून बाण इंग्रजीवर ठेवला, की कीबोर्ड इंग्रजीच्या विंडोशी बोलायला लागायचा. आता तिथे मराठी अक्षरं उमटली असती तरी कळलं असतं. पण तो कागद क्लायंटचा, गोपनीय. तो आमच्याकडे फाइल म्हणून येतच नाही, क्लायंटच्या एका बंदिस्त पानावर नुसता बघायला मिळतो. कुणी कॉपी करू नये, छापू नये म्हणून त्या पानाने कीबोर्डचे सगळेच दरवाजे बंद करून टाकलेले. त्यात तुम्ही अख्खं पुराण टाइप करा, ते गिळून टाकतं. ढेकरसुद्धा देत नाही. वाक्य संपलं की सर सवयीने बाण उजवीकडे बाजूला सारायचे, आणि पुढची सोपी वाक्यं मुकाट जागेवर पडायची.

म्हणून फक्त अवघड वाक्यं. बोट अवघड वाक्यावरच ठेवलं जायचं ना! आणि जिथे सगळ्यात जास्त काळजी घेतली, तेवढंच नेमकं पुसलं जायचं. पोरांना हे कधी झालं नाही, कारण पोरं टाइप करताना स्वतःच्याच अक्षरांकडे बघत बसतात. अक्षर उमटलं नाही की लगेच बाण हलवून मोकळी होतात.

हे सगळं मी सरांना घाईघाईत सांगितलं, हातवारे करत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग अगदी हळू विचारलं, "म्हणजे मी लिहिलं होतं?"

"लिहिलं होतं सर. सगळं लिहिलं होतं."

"दोनदा?"

"दोन्ही वेळा लिहिलं होतं."

त्यांनी चष्मा काढला, रुमाल शोधला, सापडला नाही, तर माझं स्क्रीन पुसायचं फडकं उचललं आणि त्यालाच डोळे पुसले. मी अडवलं नाही. एरवी त्या फडक्याला कुणी हात लावला तर मी चावते.

तेवढ्यात तृप्ती आली. मी तिला काही न सांगता खुर्चीत बसवलं, बाण डावीकडे ठेवला आणि म्हटलं, "इंग्रजीकडे बघून टाइप कर. काहीही." तिने केलं. मान वळवली. कोरं पान बघितलं आणि तिचा चेहरा लाल झाला.

"बोल आता," मी म्हटलं. "अंगण वाकडं होतं की नाही?"

ती सरांकडे वळली. "सर, मी लेबलं म्हणाले होते ते..."

"लेबलं पण कुणीतरी करायला हवीतच की," सर म्हणाले. "पण मी नाही करणार."

ती हसली, रडकुंडीला येऊन हसतात तशी, आणि सोमवारची संमतीपत्रं तिथेच उभ्या उभ्या त्यांच्या नावावर टाकली. क्लायंटला काय कळवायचं ते तिचं डोकं. तिने खरं तेच कळवलं, एवढं मला माहीत आहे.

मी निखिलला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तो बग नाही. फीचर आहे."

"फीचर असू दे. मी बंद करतेय. क्लिक केल्याशिवाय कुणीही ऐकायचं नाही."

"पण मॅडम, बाकीच्यांना आवडतं ते."

"अरे बाबा, ज्याला आवडतं त्याच्याकडे ठेवते ना. सगळ्यांना एकच चप्पल कशाला?"

एका ओळीची सेटिंग होती. चहा गार व्हायच्या आत बदलून झाली. एवढ्यासाठी एक माणूस मेंदूच्या डॉक्टरकडे निघाला होता. पोरांपैकी दोघांनी मला खरंच येऊन सांगितलं, आमचं आहे तसंच ठेवा. ठेवलं. आता आमच्या ऑफिसात प्रत्येक मशीनचं वागणं वेगळं आहे आणि सपोर्टला त्याचा ताप होतो, पण होऊ दे.

संध्याकाळी निघण्याआधी सरांनी माझ्याच टेबलाशी उभं राहून घरी फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर.

"अगं, ऐक. मशीन होतं."

पलीकडून वहिनींचा आवाज आला, चढा, पण कापरा. "मी म्हणत नव्हते? म्हणत नव्हते मी? आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे तरीही जायचंय हां, तुमची शुगर कोण बघणार?" मग जरा थांबून, "येताना स्टेशनबाहेरून भाजी आणा. एवढे दिवस यादी मेसेज करत होते ना? आज करणार नाही. तोंडी सांगते, ध्यानात ठेवा. गवार, लिंबं, दोन नारळ, कोथिंबीर. आणि परत विचारायला फोन करायचा नाही."

सर फोनकडे बघत उभे राहिले. "नाही करत," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागेवर बसते न बसते तोच ते समोर हजर. "मॅडम, कोथिंबीर राहिली."

"सर," मी म्हटलं, "ती सगळ्यांचीच राहते. त्याला सपोर्ट नाही."